पाहुणे नकोत, वाटेकरी हवेत
विद्यापीठात येणाऱ्या नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या स्वागताविषयी

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आवारात नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे स्वागत होते. दीपप्रज्वलन होते, स्वागतगीत होते. व्यासपीठावरून विद्यापीठाची परंपरा आणि नॅकची श्रेणी सांगितली जाते, नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांचा उल्लेख होतो. मग ग्रंथालयाची चक्कर, ओळखपत्रासाठी फोटो, गुलाबाचे फूल, चहा. या कार्यक्रमात वाईट काही नाही. पण तो आटोपला म्हणजे स्वागत झाले, असे सगळेच धरून चालतात. ही समजूत उथळ आहे आणि तिची किंमत विद्यार्थी पुढची दोन ते सहा वर्षे मोजतात, असे माझे ठाम मत आहे.

दोन समज, गृहीतक एकच

स्वागताविषयी आपल्याकडे दोन समज आहेत. पहिला उत्साही आहे. नव्या मुलामुलींना आवार आवडले, चार ओळखी झाल्या, पहिला दिवस आनंदात गेला, की काम फत्ते. दुसरा रुक्ष आहे. पदव्युत्तर विद्यार्थी एकवीस-बावीस वर्षांचा असतो, कॉलेज पाहून आलेला असतो. त्याच्या हातात वेळापत्रक द्यावे आणि तास सुरू करावेत. यूजीसीने 2019 मध्ये नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली, तिचाही रोख मुख्यतः पदवीच्या पहिल्या वर्षाकडेच आहे. एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी.ला येणाऱ्याला सगळे ठाऊक असतेच, असे जणू ठरून गेले आहे.

हे समज वरवर परस्परविरोधी दिसतात, पण दोघांच्या तळाशी गृहीतक एकच आहे: स्वागत हा शिष्टाचार आहे, शिक्षण नंतर सुरू होते. एकाला तो शिष्टाचार थाटात हवा आहे, दुसऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटतो.

माझे प्रतिपादन असे की स्वागत हा पदव्युत्तर शिक्षणाचा पहिला धडा आहे. आपण इथे कोण आहोत, हे विद्यार्थी त्या धड्यात शिकतो. घरी आलेल्या पाहुण्याला आपण मानाने बसवतो, ताट वाढतो. पण घराचा हिशेब त्याला दाखवत नाही आणि घरातल्या निर्णयात त्याचे मत विचारत नाही. वाटेकऱ्याचे तसे नसते. त्याला हिशेब कळतो, त्याच्या शब्दाला वजन असते आणि कामाचा भारही त्याच्यावर पडतो. आपली विद्यापीठे नव्या विद्यार्थ्याला पाहुणा म्हणून घेतात आणि दोन वर्षांनी त्याने वाटेकऱ्यासारखे काम केले नाही म्हणून हळहळतात. हे का होते आणि ते कसे बदलता येईल, ते पाच पायऱ्यांनी मांडतो.

पहिली पायरी: एम.ए. म्हणजे पंधरावीनंतरची सोळावी नव्हे

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे होते. शिकवायचे ते संलग्न महाविद्यालयांनी. विद्यापीठाने स्वतःचे विभाग काढून पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन करायचे, ही गोष्ट बऱ्याच उशिरा आली. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेनंतर बासष्ट वर्षांनी. परीक्षेची सवय आपल्या व्यवस्थेत ज्ञाननिर्मितीच्या सवयीपेक्षा जुनी आणि खोल आहे.

आजचा विद्यार्थी हीच सवय घेऊन येतो. पदवीला त्याने नोट्स पाठ केल्या, अपेक्षित प्रश्नसंच सोडवले, ‘आयएमपी’ विचारून घेतले. त्या व्यवस्थेत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुठेतरी तयार होते आणि ते शिक्षकाला माहीत होते. पदव्युत्तर पातळीवर हे नाते उलटते. चांगला प्रबंध अशाच प्रश्नावर उभा राहतो, ज्याचे उत्तर मार्गदर्शकालाही माहीत नाही. हा बदल केवळ काठिण्यपातळीचा नाही, तो विद्यार्थ्याच्या भूमिकेचा आहे. घेणारा आता शोधणारा व्हायचा असतो.

हा बदल आपोआप होत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो, करून दाखवावा लागतो. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याने तीन तास व्यासपीठावरची भाषणे ऐकली, तर त्याला मिळणारा संदेश स्वच्छ असतो: इथेही तू ऐकायचे आहेस. तोंडाने आपण ‘संशोधक वृत्ती बाणवा’ म्हणतो आणि बैठकव्यवस्था त्याला श्रोता करून टाकते. मग सेमिनारमध्ये कोणी प्रश्न विचारत नाही, याचे नवल वाटायला नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. नोंदणी अर्थशास्त्राकडे असली तरी त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा कितीतरी विषयांचे अभ्यासक्रम घेतले. एका विभागाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विभागाचे दार उघडे होते आणि सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे अध्यापक त्या दारांआड होते. विद्यार्थ्याला ज्ञानाचा वाटा देणे म्हणतात ते हे. पुढे त्यातून काय उभे राहिले, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

दुसरी पायरी: न सांगितलेले नियम कोणाला माहीत असतात?

प्रत्येक विभागाचे दोन अभ्यासक्रम असतात. एक छापलेला, दुसरा कुठेही न लिहिलेला. शोधनिबंध आधी कुठून वाचायचा, संदर्भसूचीचा माग कसा काढायचा, प्राध्यापकांना ई-मेल कसा लिहायचा, त्यांच्या मताशी असहमती कोणत्या शब्दांत मांडायची, मार्गदर्शक निवडताना काय पाहायचे, परिषदेला जायचे तर पैसे कुठून मिळतात, नेट-सेटची तयारी आणि प्रबंध यांचा मेळ कसा घालायचा. या गोष्टी छापलेल्या अभ्यासक्रमात नसतात, पण कोण टिकतो आणि कोण मागे पडतो हे बऱ्याच अंशी त्यांच्यावरच ठरते.

ज्याच्या घरात प्राध्यापक, वकील किंवा अधिकारी आहेत त्याला हे जेवणाच्या ताटावर कळलेले असते. ज्याच्या घरातून आजवर कोणी पदवीपर्यंतही गेले नाही, त्याला असे काही नियम आहेत हेच माहीत नसते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू आणि झां-क्लोद पासरों यांनी 1964 मध्येच फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांविषयी दाखवून दिले, की विद्यापीठ ज्याला अंगभूत हुशारी समजते त्यातला मोठा भाग घरून आलेला वारसा असतो. आपल्याकडे या वारशाची वाटणी वर्गाप्रमाणेच जातीनेही झालेली आहे, म्हणून हे विधान इथे अधिकच खरे ठरते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सगळ्यांना सारखेच फूल आणि सारखेच माहितीपत्रक दिले म्हणजे समान वागणूक दिली, असे होत नाही. नियम अलिखित ठेवणे हाच एक पक्षपात आहे, कारण ते ज्यांना आधीच ठाऊक आहेत त्यांच्याच फायद्याचे असते. म्हणून अलिखित नियम उघड करून सांगणे ही समतेची पहिली कृती आहे. ती आरक्षणाची जागा घेत नाही. आरक्षणाने मिळालेल्या प्रवेशाला अर्थ देते.

तिसरी पायरी: कॉट, मेस आणि शिष्यवृत्ती

जो विद्यार्थी रात्री कुठे झोपणार हे ठरलेले नाही, त्याला ज्ञानाच्या परंपरेत सामील करून घेण्याच्या गप्पा पोकळ आहेत. पुण्या-मुंबईत एम.ए.ला आलेला नंदुरबारचा, गडचिरोलीचा किंवा बीडचा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात मायग्रेशन, एलिजिबिलिटी, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्रांच्या रांगेत असतो. वसतिगृहाची यादी लागायला उशीर होतो. तोवर तो कोणा गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकतो किंवा कॉट बेसिसवर जागा शोधतो, आणि तिथे घरमालक भाड्याआधी आडनाव विचारतो. 1917 मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांना शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. तेव्हापासून खूप बदलले आहे, पण घर भाड्याने देताना जात विचारण्याची रीत संपलेली नाही.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि नंतर निरनिराळ्या समाजांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी केली. 1908 चे मिस क्लार्क बोर्डिंग अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी होते. खेड्यातल्या मुलासाठी शिक्षणाची वाट राहण्या-जेवणाच्या सोयीतून जाते, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात तेच सूत्र श्रमाशी जोडले. आज विद्यापीठांत चालणारी ‘कमवा व शिका’ योजना त्याच विचाराची वारस आहे. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे, निर्वाह भत्त्याच्या इतर योजना आहेत, संशोधकांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत.

योजना आहेत, पण त्यांची वाट महाडीबीटीच्या पोर्टलवरून, कागदपत्रांच्या त्रुटींमधून आणि उशिराने सुटणाऱ्या हप्त्यांतून जाते. हप्ता येईपर्यंत मेसचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रबंधाच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. स्वागताच्या आठवड्यात समाजकल्याण विभागाचा, वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्ती कक्षाचा माणूस एका टेबलाशी बसवता येतो. विद्यार्थ्याचा अर्ज तिथेच भरून घेता येतो. याला मोठे धोरण लागत नाही, इच्छा लागते.

आणखी एक वस्तुस्थिती दुर्लक्षित राहते. पदव्युत्तर प्रवेश फेऱ्याफेऱ्यांनी होतात. पहिल्या यादीतले विद्यार्थी स्वागतसमारंभाला हजर असतात. शेवटच्या फेरीत किंवा स्पॉट राउंडला आलेले, पदवीचा निकाल उशिरा लागल्याने अडकलेले, फीची सोय करायला वेळ लागलेले विद्यार्थी येतात तेव्हा फुले सुकलेली असतात आणि दोन-तीन युनिट शिकवून झालेली असतात. ज्यांना स्वागताची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच एकदिवशी समारंभातून गळतात.

चौथी पायरी: इंग्रजी वाचनयादी, मराठी प्रश्न

जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी माध्यमातून बी.ए. किंवा सेमी-इंग्रजीच्या आधाराने बी.एस्सी. झालेला विद्यार्थी विभागात येतो आणि पहिल्याच तासाला त्याच्या हाती संपूर्ण इंग्रजी वाचनयादी पडते. तो बुद्धीने कमी नसतो. गावातल्या पाणीवाटपाविषयी, ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराविषयी किंवा सहकारी बँकेच्या राजकारणाविषयी त्याला जे माहीत असते ते वाचनयादीत सापडणार नाही. पण इंग्रजीत बोलताना चूक होईल या भीतीने तो गप्प बसतो. ही शांतता लवकर सवयीची होते. शिक्षक तिला अनास्था समजतात आणि विद्यार्थी स्वतःची लायकी.

याचा उपाय इंग्रजी टाळण्यात नाही. जगातले संशोधन वाचायचे तर इंग्रजी यायलाच हवी, आणि ती येणार नाही असे गृहीत धरणे हाही विद्यार्थ्याचा अपमान आहे. उपाय असा, की विचार करण्याची भाषा आणि वाचण्याची भाषा यांच्यामध्ये विभागाने पूल बांधावा. पहिल्या सत्रात प्रश्न मराठीत विचारायला, चर्चा मराठीत करायला उघड परवानगी असावी, आणि ती विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष जाहीर करावी. दर आठवड्याला एक इंग्रजी निबंध गटाने परिच्छेदागणिक वाचावा. मराठी विश्वकोश आणि राज्य शासनाचे परिभाषा कोश ही साधने पहिल्या आठवड्यात हातात द्यावीत. ज्यांची मातृभाषा गोंडी, भिली, कोकणी, उर्दू किंवा हिंदी आहे त्यांच्यासाठी मराठीही परकी असू शकते, याचेही भान विभागाने ठेवावे. पुण्यात तर कितीतरी देशांतून आलेले विद्यार्थी शिकतात. त्यांनाही हाच पूल हवा असतो, फक्त त्याचे दुसरे टोक वेगळे असते.

पाचवी पायरी: मार्गदर्शकाची सत्ता

पदव्युत्तर शिक्षणात आणि विशेषतः पीएच.डी.मध्ये एका माणसाच्या हाती दुसऱ्याची काही वर्षे असतात. सहीवाचून अहवाल पुढे जात नाही, अधिछात्रवृत्तीचा हप्ता सुटत नाही, प्रबंध सादर होत नाही. बहुतेक मार्गदर्शक ही जबाबदारी सचोटीने निभावतात. तरीही कोणतीही सत्ता केवळ व्यक्तीच्या चांगुलपणावर सोडणे हे व्यवस्थेचे अपयश असते.

नियम आहेत. पीएच.डी.विषयीच्या यूजीसीच्या 2022 च्या विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचे असते. प्रत्येक संशोधकासाठी सल्लागार समिती असते आणि दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडायची असते. रॅगिंगविरोधी विनियम 2009 पासून आहेत. भेदभाव रोखण्यासाठी 2012 मध्ये विनियम आले, लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत तक्रार समितीची तरतूद 2013 च्या कायद्याने झाली, 2023 च्या विनियमांनी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल यांची तरतूद केली. यातले किती नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात नावानिशी सांगितले जाते? समितीची अध्यक्ष कोण, ती कुठे बसते, मार्गदर्शक बदलायचा असेल तर अर्ज कोणाकडे करायचा, हे समजायला बहुतेकांना संकट यावे लागते.

रोहित वेमुला हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी. करत होता, जानेवारी 2016 मध्ये त्याने जीवन संपवले. डॉ. पायल तडवी मुंबईत स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. मे 2019 मध्ये त्यांचा तसाच अंत झाला. त्या वर्षी दोघांच्या माता एकत्रितपणे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांमधल्या जातिभेदाविरुद्धचे नियम प्रत्यक्षात अमलात आणा, ही त्यांची मागणी होती. दोघांनाही प्रवेश मिळालेला होता. प्रवेश मिळणे आणि आपले मानले जाणे यांच्यातले अंतर किती जीवघेणे ठरू शकते, ते या दोन नावांनी देशाला दाखवले. त्यानंतरही एखाद्या विभागाला स्वागत म्हणजे फुले आणि भाषणे एवढेच वाटत असेल, तर तो विभाग काही शिकलेला नाही.

सत्तेचा दुसरा पैलू बौद्धिक आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्याकडे एम.ए. केले आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते होते. कवट्यांच्या मोजमापांवरच्या कर्वे यांच्या निष्कर्षांनी मार्गदर्शकाच्या वंशविषयक धारणांना पाठबळ दिले नाही, आणि त्यांनी ते तसेच लिहिले. मार्गदर्शकाशी पुराव्यानिशी असहमत होण्याचा हक्क हा पदव्युत्तर शिक्षणाचा गाभा आहे. हा हक्क पहिल्या आठवड्यात मोठ्याने सांगितला गेला नाही, तर नंतर तो मागायला इरावतीबाईंइतके धाडस लागते, आणि ते प्रत्येकाकडून मागणे अन्याय्य आहे.

वाटेकऱ्याचे कर्तव्य

वाटा मिळतो तिथे कर्तव्यही येते. हे न सांगता केलेले स्वागत लाड ठरेल. त्यातले पहिले कर्तव्य बौद्धिक प्रामाणिकपणाचे आहे. वाङ्मयचौर्याविषयीचे यूजीसीचे 2018 चे विनियम साम्याचे टक्के ठरवतात: दहापर्यंत दंड नाही, पुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या. याचा परिणाम असा झाला की अनेक विद्यार्थी साम्य दहा टक्क्यांखाली कसे आणायचे तेवढेच शिकतात. शब्द फिरवतात, क्रियापदे बदलतात आणि उसना विचार तसाच राहतो. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला का द्यायचे, हे त्यांना कोणी समजावलेलेच नसते. आपण ज्या कामात सामील झालो ते शेकडो माणसांनी मिळून चालवलेले आहे, हे ज्याला उमगले त्याला उल्लेख टाळणे स्वतःच्याच घरातली चोरी वाटते. ज्याला पाहुणाच ठेवले, त्याला ती फक्त सॉफ्टवेअरची अडचण वाटते.

दुसरे कर्तव्य पुढच्या तुकडीचे. यंदा ज्याला वाट दाखवली गेली त्याने पुढच्या वर्षी येणाऱ्याला ती दाखवावी. ही साखळी रुजली तर विभागाच्या स्वागताला दर वर्षी नवा आदेश लागणार नाही.

अपेक्षित आक्षेप

*एक: हे प्रौढ आहेत, त्यांचे बोट किती धरायचे?* प्रौढाला बोट नको, हे खरे. पण प्रौढाला माहिती हवी, हक्क हवा आणि निर्णयात जागा हवी. प्रौढाला नियमच न सांगणे आणि नंतर नियम मोडला म्हणून अडवणे, हीच बालिश वागणूक आहे. मी मागतो ते संरक्षक छत्र नाही. समोरच्याला प्रौढ मानण्याची रीत आहे.

*दोन: धडपडीतूनच माणूस घडतो.* हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. अवघड पुस्तक अवघडच राहिले पाहिजे, फसलेला प्रयोग पुन्हा करावाच लागेल, प्रबंधाचा मसुदा चारदा फाडला जाईल. पण विषयाचे काठिण्य आणि कार्यालयाचे काठिण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोनाफाइडसाठी चार खेटे घालून कोणाची बुद्धी तल्लख होत नाही. अनावश्यक अडचणी काढून टाकाव्यात, म्हणजे आवश्यक अडचणींशी झुंजायला ताकद उरते.

*तीन: शिक्षक आहेत कुठे?* राज्यातल्या विद्यापीठांत अनेक जागा रिक्त आहेत आणि बरेच अध्यापन तासिका तत्त्वावरचे शिक्षक तुटपुंज्या मानधनावर करतात, ही शरमेची वस्तुस्थिती आहे. स्वागत सुधारल्याने ती झाकली जाऊ नये. पूर्णवेळ नेमणुकांची मागणी ठामपणे चालूच राहिली पाहिजे. पण मी सुचवतो त्यातल्या बऱ्याच गोष्टींना समारंभाइतकाही खर्च येत नाही, आणि दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी व संशोधक त्यातला मोठा वाटा उचलू शकतात. मात्र त्यांचे हे काम कुठेतरी श्रेयांकांत किंवा मानधनात मोजले जावे; फुकट राबवून घेणे म्हणजे पुन्हा तीच जुनी सत्ता.

*चार: पहिल्याच दिवशी तक्रार समित्यांची नावे सांगितली तर वातावरण बिघडेल.* हक्क माहीत असल्याने माणूस तक्रारखोर होत नाही. उलट, जिथे तक्रारीची वाट मोकळी असते तिथे बरेच प्रश्न बोलण्याच्या पातळीवरच सुटतात. जिथे ती बंद असते तिथे ते आतल्या आत साचत राहतात आणि शेवटी बातमीतून बाहेर येतात.

मग आठवडा कसा असावा?

पहिला दिवस प्रश्नांचा असावा. विभागातल्या एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाने आपले अपुरे, अडलेले संशोधन नव्या विद्यार्थ्यांपुढे मांडावे आणि त्यावर प्रश्न घ्यावेत. सरांनाही सगळे येत नाही आणि त्यांना प्रश्न विचारता येतो, हे एका तासात जितके कळेल तितके दहा भाषणांतून कळणार नाही.

दुसरा दिवस ग्रंथालयाचा, पण चक्कर मारण्याचा नव्हे. प्रत्येकाने एक विधान घ्यावे, त्याचा मूळ स्रोत शोधावा आणि ते विधान टिकते का ते दोन परिच्छेदांत लिहावे, मराठीत किंवा इंग्रजीत.

तिसरा दिवस राहण्या-जेवणाचा आणि पैशांचा. वसतिगृह, शिष्यवृत्ती, ‘कमवा व शिका’, आरोग्य केंद्र आणि समुपदेशक एकाच ठिकाणी असावेत, आणि दिवस संपताना प्रत्येकाचा अर्ज भरलेला असावा.

चौथ्या दिवशी हक्क आणि नियम. समित्यांवरच्या माणसांनी स्वतः येऊन आपली ओळख करून द्यावी. मार्गदर्शक निवडण्याची, बदलण्याची आणि गुणपत्रिकेवर आक्षेप घेण्याची पद्धत एका पानावर, साध्या मराठीत लिहून प्रत्येकाच्या हाती द्यावी. विभागात लागू असलेले अलिखित नियमही त्याच पानावर लिहावेत. जो नियम लिहायला लाज वाटेल तो रद्द करावा.

पाचवा दिवस इतर विभागांचा. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने इतिहासाच्या चर्चेला बसावे, मराठीच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत जावे.

आणि आठवडा इथे संपू नये. प्रत्येक उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासाठी हे पाचही टप्पे पुन्हा व्हावेत, मग तो एकटा का असेना. सहाव्या आठवड्यात सगळ्यांना परत बोलवावे आणि काय अडते आहे ते विचारावे. अनेकांचा विद्यापीठ सोडण्याचा विचार साधारण त्याच सुमारास पक्का होत असतो, जेव्हा पहिले कौतुक ओसरते आणि पहिली अंतर्गत परीक्षा समोर येते.

विभागप्रमुखांना आणि शिक्षकांना

राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी रचना 2023-24 पासून लागू झाली. श्रेयांक बदलले, संशोधन प्रकल्प आले, एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीची तरतूद झाली. रचना बदलली तरी विद्यार्थ्याला घेण्याची रीत जुनीच राहिली, तर नव्या अभ्यासक्रमातले संशोधन प्रकल्पही कॉपी-पेस्टचे पुडके होतील. अभ्यासक्रम मंडळाच्या बैठकीत मिनिटामिनिटांचे श्रेयांक मोजणाऱ्या आपण शिक्षकांनी स्वागतालाही तेवढेच गांभीर्य द्यावे. त्याला दोन श्रेयांक द्यावेत, त्याची जबाबदारी एका नियमित शिक्षकाकडे द्यावी आणि त्याचे मूल्यमापन विद्यार्थ्यांनी सत्राच्या अखेरीस करावे.

ते मूल्यमापन करायला फार प्रश्न लागणार नाहीत. डिसेंबरमध्ये प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: वर्गात तू एकदा तरी शिक्षकांशी असहमत झालास का? अडचण आली तर कोणाकडे जायचे हे तुला नावानिशी सांगता येते का? तुझा राहण्या-जेवणाचा आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न सुटला का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ येत नाहीत तोवर त्या विभागाने नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत केले, असे म्हणता येणार नाही.